पाठ केलेलं दुःख

जून-जुलै म्हणजे छाटणीचे दिवस. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या त्या गावात सकाळी द्राक्षवेलींच्या तारांवर दव गोठून पांढरं झालेलं असे. वाइसेले कानात मुलीचा इअरफोन खुपसून, हातात कात्री घेऊन एकेक वेल मागे टाकत पुढे सरके. ओठ सारखे हलत असत. शेजारच्या ओळीतल्या माणसांना वाटे, म्हातारा प्रार्थना करतोय. टोंगन चर्चचा तो कारभारी, रविवारी प्रवचनही करायचा, तेव्हा असं वाटण्यात नवल नव्हतं. प्रत्यक्षात तो एक इंग्रजी भाषण पाठ करत होता.

हे भाषणाचं प्रकरण सुरू झालं बुधवारच्या वर्गातून. वाचनालयामागच्या हॉलमध्ये नोएलीन नावाची निवृत्त शिक्षिका परगावच्या, परदेशच्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवायची. सात-आठ जण यायचे. व्याकरणाला कंटाळून की काय, त्या हिवाळ्यात तिने चारचौघांत उभं राहून बोलायला शिकवायचं ठरवलं. भिंतीवरच्या टीव्हीवर ती इंटरनेटवरची भाषणं लावायची. रिकाम्या मंचावर एकच माणूस, हातात कागद नाही, समोर टेबल नाही. नोएलीन मध्येच भाषण थांबवायची आणि म्हणायची, बघा हा कुठे थांबला, आता आवाज कसा खाली आणला, हात कुठे आहेत. मग सगळ्यांना तसं करून दाखवायला लावायची. वाइसेलेला हे फार आवडायचं. वाचायला सांगितलं की त्याला घाम फुटे. अक्षरओळखच मुळी त्याला चाळिशी उलटल्यावर झाली होती. बायकोने, लुसेआनेने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तारोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, सालींशेजारी वही ठेवून शिकवलं होतं. पण ऐकून लक्षात ठेवायला सांगा, पॅसिफिकमधल्या टोंगातल्या त्याच्या अख्ख्या एउआ बेटावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

जूनच्या मध्यावर नोएलीनने काम दिलं. घरी आपल्याला आवडेल असं एक भाषण शोधा, पुन्हा पुन्हा ऐका, त्यातून शिका आणि तीन आठवड्यांनी आमच्यापुढे उभं राहून चार मिनिटं बोला. आपलं स्वतःचं काहीतरी सांगा, असंही ती म्हणाली असणार. वाइसेलेने मान डोलावली. पण लोकांपुढे उभं राहून बोलणं म्हणजे काय, हे त्याच्या डोक्यात सहाव्या वर्षीच पक्कं झालेलं होतं.

टोंगात मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मुलं नवे कपडे घालून चर्चमध्ये उभी राहतात आणि पाठ केलेलं म्हणून दाखवतात. त्याला ताउलोतो म्हणतात. एक शब्द गाळायचा नाही, एक बदलायचा नाही. अडखळलं की सगळ्या घराण्याची मान खाली. सहा वर्षांचा वाइसेले बायबलातल्या, माशाच्या पोटात अडकलेल्या माणसाची प्रार्थना म्हणाला होता, मी असा बुडालो, मला लाटांनी असं घेरलं. बाळा, मग तू बाहेर कसा आलास, असं त्याला कोणी विचारलं नाही. सगळे रडले आणि आईने गोळ्यांची माळ त्याच्या गळ्यात घातली.

तेव्हा त्याने भाषण निवडलं ते पाठ करायला. निवडलं तेही आवाज बघून. बोलणारा रुंद चेहऱ्याचा, त्याच्यासारखाच दुसऱ्या देशातून आलेला माणूस होता आणि सावकाश बोलत होता. त्याची बायको आजारी पडते. दवाखान्यात रात्रपाळीची नर्स विचारते, काय होतंय. त्या माणसाला इंग्रजीतला एकच शब्द येत असतो, ‘दमलीय’. तो तेवढाच पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. नर्स दोन गोळ्या देते आणि घरी पाठवते. सकाळी बायकोचा हात गार पडलेला असतो. नंतर तो माणूस इंग्रजी शिकतो आणि आपल्याला हवा होता तो शब्द एका रात्रीने उशिरा आला, असं म्हणून थांबतो. वाइसेलेला यातले चारातले तीन भाग कळले. जे कळलं नाही तेही त्याने जसंच्या तसं घोटलं, श्वास आणि थांबण्यासकट.

बुधवार आला. तो कमरेला नेसणीवर चटई बांधून आला होता, चर्चला बांधतात तशी. उभा राहिला, खिडकीबाहेर एकदा पाहिलं आणि सुरुवात केली. एकाही शब्दाला अडखळला नाही. त्या माणसाने जिथे आवाज खाली आणला होता तिथे यानेही आणला, आणि ‘गार हात’ म्हणताना स्वतःचा हात थोडा पुढे केला. ताम नावाची व्हिएतनामी बाई पहिली रडली. मग नोएलीनने चष्मा काढला. तिने हे सगळं फोनवर टिपलं होतं, पुढच्या तुकडीला दाखवायला. भिंतीतल्या खिडकीपलीकडे स्वयंपाकघर होतं. तिथे बेव नावाची म्हातारी दर बुधवारी चहा करायची आणि स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजायची. वाइसेले बोलून थांबला तेव्हा ती खिडकीत कपबशी हातात धरून उभी होती. त्या दिवशी चहा नोएलीननेच ओतला. बेव कप न विसळता घरी गेली होती.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी काही विचारलंही नाही. एकेक जण आला आणि नुसता त्याचा हात दाबून गेला. वाइसेलेला यात काहीच वावगं वाटलं नाही. चांगल्या ताउलोतोनंतर चर्चमध्येही असंच होतं. दुसऱ्या दिवशी दाराशी पालेभाजीची पिशवी ठेवलेली होती, तामच्या मळ्यातली. त्याला ती गोळ्यांची माळ आठवली आणि तो एकटाच हसला.

संध्याकाळी कावा या मुळांच्या पेयाच्या बैठकीत त्याने ते भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. तिथल्यांनी नारळाच्या करवंटीतून घोट घेत दाद दिली. लुसेआनेला सगळेच ओळखत, त्यामुळे कोणाला काही खटकलंच नाही. एक जण म्हणाला, “गोऱ्या पालांगी बायकांना चार मिनिटांत रडवतोस आणि आम्हाला रविवारी तासभर नुसता झोपवतोस. हा दुजाभाव बरा नाही, कारभारी.” वाइसेले त्या रात्री घरी गेला तो छाती फुगवून.

शुक्रवारी सकाळी पाऊस होता, छाटणी बंद होती. लुसेआने संत्र्यांच्या पॅकिंग शेडवर गेली होती, मुलगी सेइनी औषधांच्या दुकानात कामावर. दारावर टकटक झाली. बाहेर बेव उभी होती. हातात केकचा पत्र्याचा डबा, केस भिजलेले. आत या म्हटलं तरी ती आली नाही. पायरीवरच उभी राहून बोलायला लागली. भरभर बोलत होती आणि रडत होती. वाइसेलेला दहातले दोन शब्द लागले. दवाखाना. रात्र. अठरा वर्षं. दोन गोळ्या. आणि पुन्हा पुन्हा, मला माफ करा.

कशाबद्दल, हे त्याला कळलं नाही. कप न विसळता गेल्याबद्दल असेल असंही क्षणभर मनात आलं, आणि पुढे त्या विचाराची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटणार होती. पण त्याच्या गावात कोणी खाली मान घालून दाराशी आलं की त्याला ताटकळत ठेवणं हेच पाप. आधी माफ करायचं, कशाबद्दल ते मग विचारायचं. चर्चचा कारभारी होता तो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने बेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि येत होतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाला, “मी माफ केलं. देवाने पण माफ केलं. आता घरी जा. झोप.”

बेवने त्याचा हात धरून कपाळाला लावला. बराच वेळ सोडला नाही. मग डबा त्याच्या हातात देऊन गेली.

संध्याकाळी सेइनी घरी आली ती कोट न काढताच टेबलाशी बसली. लुसेआने तो केक कापत होती.

“बाबा, बेवला तू कसली माफी दिलीस?”

“आली होती बिचारी. रडत होती. मी म्हटलं, जाऊ दे.”

“काय जाऊ दे?”

सेइनीने सांगितलं ते असं. बेव दुपारी दुकानात आली होती. डोळे सुजलेले, पण चेहरा मात्र कित्येक वर्षांत नव्हता असा हलका. म्हणाली, तुझे वडील फार मोठ्या मनाचे आहेत. तुझी आई गेली तेव्हा तू केवढीशी असशील. सेइनीला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मग बेवने सगळं सांगितलं. ती त्या दवाखान्यात नर्स होती. अठरा वर्षांपूर्वी हंगामात एका रात्री बेटांवरचा एक माणूस बायकोला घेऊन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं, एकच शब्द म्हणत होता. बेवने दोन गोळ्या दिल्या आणि उद्या या म्हणाली. ती बाई दुसऱ्या दिवशी मोठ्या शहराच्या वाटेवर ॲम्ब्युलन्समध्येच वारली. नाव नीट लिहून घेतलेलं नव्हतं. हंगामी मजुरांची ती टोळी पुढच्या गावी निघून गेली. बेवने हे कधी कोणाला सांगितलं नाही. बुधवारी खिडकीपलीकडे उभी असताना तिला तो माणूस सापडला.

सेइनीने फोन पुढे केला. नोएलीनने वर्गाच्या गटात पाठवलेलं भाषण त्यावर होतं. वाइसेलेने स्वतःला पाहिलं, हात पुढे करून ‘माझी बायको’ म्हणताना.

लुसेआनेला आधी हसू आलं. हातातली सुरी खाली ठेवून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “मी मेले आणि मलाच पत्ता नाही. शेडवर आज चारशे पेट्या कोणी भरल्या मग?” नवऱ्याचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. थोड्या वेळाने ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “म्हणजे एकोणीस दिवस तू रोज सकाळी वेलींत उभा राहून मला मारत होतास.”

“ते ताउलोतो होतं, लुसे.”

“मला माहीत आहे काय होतं ते.”

“बाबा,” सेइनी म्हणाली, “इथे उभं राहून ‘मी’ म्हटलं की लोक तुलाच धरतात. दुसऱ्याचं असेल तर आधी सांगावं लागतं.”

हे तिने हळू सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. वाइसेलेला ते जास्त लागलं. अकरा वर्षं तो या देशात राहिला होता आणि गावात कोणाला कसं भेटावं, काय बोलावं, हे चर्चमध्ये नव्या आलेल्यांना तोच शिकवायचा. आता त्याला एकेक चेहरा दिसायला लागला. ताम, जिने आपल्या मळ्यातल्या भाजीची पिशवी भरून आणली. चष्मा काढणारी नोएलीन. ती सगळी माणसं एका खोट्या मढ्याला रडली होती. आणि ती म्हातारी पावसात त्याच्या पायरीवर उभी राहिली, तर याने देवाचं नाव घेऊन तिला माफ केलं होतं. कोणाच्या वतीने? ज्या बाईचं मरण होतं तिच्याशी त्याचं नातं काय? गावही एक नसेल.

लुसेआने म्हणाली, फाइफेकाऊंना, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांना, पाठवू. ते नीट समजावतील. सेइनी म्हणाली, मी चिठ्ठी लिहून देते. वाइसेलेने दोघींचं ऐकून घेतलं. त्याच्या मनात मात्र तिसरंच काही आलं होतं. काहीच सांगितलं नाही तर? म्हातारी अठरा वर्षांनी नीट झोपणार होती. लुसेआने दुकानात दिसली तर तिला वाटेल, ही दुसरी बायको असेल. कोणाचं काय बिघडतं. एवढं मनात आलं आणि त्याची नजर वर गेली. समोर लुसेआने टेबलावरचे केकचे कण बोटाने गोळा करत होती, आणि त्याने आपल्या सोयीसाठी तिला दुसऱ्यांदा मारून पाहिलं होतं. हे त्याने तिला त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही नाही.

शनिवारी सकाळी त्याने जुनी, काठ उसवलेली मोठी चटई कमरेला बांधली, मयताला किंवा माफी मागायला बांधतात ती, आणि लुसेआनेला म्हणाला, चल. चिठ्ठी नको, पाद्री नकोत. काय बोलायचं ते पाठ केलंयस का, असं तिने वाटेत विचारलं. तो नाही म्हणाला. खरं तर पहाटेपासून तो तेच करायचा प्रयत्न करत होता आणि दोन वाक्यांपुढे जाताच येत नव्हतं.

बेवने दार उघडलं. वाइसेलेला पाहून हसली आणि आत या म्हणाली. तो आत गेला नाही. पायरीखाली, ओल्या गवताशेजारी सिमेंटवर मांडी घालून बसला आणि मान खाली घातली. लुसेआने त्याच्या शेजारी बसली. बेव घाबरली. उठा, गारठा आहे, असं काहीतरी म्हणत राहिली.

“ही लुसेआने,” वाइसेले म्हणाला. “माझी बायको. एकच बायको. मेली नाही.”

बेव दाराची कड धरून उभी राहिली.

“भाषण माझं नाही. फोनमधला माणूस, त्याचं. मी पाठ केलं. आमच्या चर्चमध्ये पाठ करतो. मला वाटलं, तुम्हाला माहीत. तुम्ही आल्या, बोलल्या, मला नाही कळलं. मी नाही कळलं असं म्हटलं नाही. मी माफ केलं म्हटलं.” तो थांबला. पुढचे शब्द शोधत राहिला. नोएलीनने थांबायला शिकवलं होतं ते हे थांबणं नव्हतं. “ती माफी माझी नाही. मी चोरली. मी खोटा माणूस.”

बेवने लुसेआनेकडे पाहिलं, तिच्या जाड, संत्र्यांनी पिवळ्या पडलेल्या बोटांकडे, आणि बराच वेळ पाहत राहिली. वाइसेलेला वाटलं होतं ती रागावेल. ती ओरडली असती, दार आपटलं असतं, तर बरं झालं असतं. पण काल सेइनीने सांगितलेला तो हलका चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा जड होत गेला, एखादं ओझं उतरवून ठेवलेलं माणूस ते पुन्हा उचलतं तसा. तिने खालच्या पायरीवर बसकण मारली, त्यांच्यासमोर.

“तुम्हाला इथे येऊन किती वर्षं झाली?” तिने विचारलं.

“अकरा वर्षं.”

“मी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “साधं एवढं विचारलं नाही. मला तुम्हीच हवे होतात.” मग थोड्या वेळाने, “तुमची बायको जिवंत आहे याचा मला आनंद व्हायला हवा. होत नाहीये. हे किती वाईट आहे.”

लुसेआनेने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बेवने तो झटकला नाही, धरलाही नाही.

“मग ती कोण होती?” बेव म्हणाली. ती त्यांना विचारत नव्हती, गवताकडे पाहत होती. पण वाइसेलेने ते आपल्याला विचारलंय असंच धरलं.

“मी विचारतो,” तो म्हणाला. “आमची घरं चौदा. जुनी माणसं आहेत. ती बाई टोंगाची असेल, सामोआची, फिजीची. कोणाला तरी माहीत असेल. मी घरोघर विचारतो.”

“आणि काय सांगणार, का विचारताय म्हणून?”

वाइसेलेने मान वर केली. हे त्याच्या लक्षात आलंच नव्हतं. कारण सांगितल्याशिवाय असा प्रश्न कोणत्याच घरात विचारता येणार नव्हता. बेवचं नाव घेता येणार नव्हतं, ते तिचं होतं. उरत होतं ते त्याचं स्वतःचं. एकोणीस दिवसांचं पाठांतर, रडणारा वर्ग, पायरीवरची फुकटची माफी. चौदा घरं, त्यातल्या प्रत्येकात रविवारी चर्चला येणारी माणसं, आणि त्यांच्यापुढे प्रत्येक रविवारी उभा राहणारा तो.

“खरं सांगणार,” तो म्हणाला. “माझं तेवढं खरं.”

बेव उठली आणि आत गेली. दार तिने लावलं नाही, पण परत बाहेरही आली नाही. थोडा वेळ वाट पाहून ती दोघं निघाली.

पहिलं घर कालोलाइनेचं. या गावात सगळ्यात आधी आलेली टोंगन बाई, आता सत्तरीच्या पुढची. अंगणात खुर्चीत बसून तारोची पानं निवडत होती. वाइसेलेच्या कमरेची जुनी चटई पाहून तिने हातातलं पान खाली ठेवलं.

“काय रे, कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं, आजी,” वाइसेले म्हणाला. लुसेआने फाटकापाशीच थांबली होती. “मला एक विचारायचं आहे. पण आधी माझी एक फजिती ऐकावी लागेल.”

कालोलाइनेचं तोंड खुललं. तिने घराकडे वळून दोन्ही सुनांना हाक मारली, या गं बाहेर, कारभाऱ्याची फजिती ऐका. वाइसेलेने त्यांना थांबवलं नाही. सुना हात पुसत आल्या, मागून नातवंडं आली. तो उभा राहिला आणि सांगू लागला. मध्ये मध्ये अडखळत होता, शब्द पुढेमागे होत होते. पालेभाजीच्या पिशवीपर्यंत सगळे हसत होते. बेवचं नाव न घेता तो पायरीवरच्या बाईपर्यंत आला तेव्हा धाकट्या सुनेने नातवाला जवळ ओढलं. शेवटी त्याने अठरा वर्षांपूर्वीच्या त्या हंगामाबद्दल विचारलं.

कालोलाइनेने बराच विचार केला. त्या साली ती इथे नव्हती, मुलाकडे सिडनीला होती. तिला माहीत नव्हतं. पण नदीकडच्या सामोअन घरातला म्हातारा तेव्हा हंगामाला यायचा, त्याला विचार, असं तिने सांगितलं. मग खाली पडलेलं पान उचलून ती पुन्हा निवडू लागली. तोंड वर न करता म्हणाली, “वाइसेले, उद्या चर्चमध्ये तूच उभा राहणार आहेस ना?”

“मी उभं राहावं का, ते पाद्र्यांना विचारतो,” तो म्हणाला.

नदीकडचं घर पंधरा मिनिटांच्या वाटेवर होतं. तिथे त्याला टोंगनमध्ये बोलता येणार नव्हतं. इंग्रजीतच, आणि पहिल्यापासून सांगावं लागणार होतं.